यंत्र घ्यायचं, पण कुणाच्या मापाचं?

(चंदगड येथे बचत गटांतील बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



आजवर या तालुक्यात मी बोलायला आले ती दारूबद्दल, रेशनबद्दल, सात-बाऱ्यावर बाईचं नाव लागावं याबद्दल. घरात व्यायामाचं यंत्र कोणतं घ्यावं, या विषयावर मला कुणी बोलायला बोलवेल असं कधी वाटलं नव्हतं. निरोप आला तेव्हा मी हसले. आमच्यातल्या एक-दोघी म्हणाल्यादेखील, ‘हे काय आपलं काम? हे बंगल्यातल्या बायकांचं!’ पण निरोप धाडणारी बाई बंगल्यातली नाही. ती काजूच्या कारखान्यात बसते. इथंच पुढं बसली आहे. तिचं नाव मी घेणार नाही, पण हकिकत सांगायला तिनं परवानगी दिली आहे.

तिचं वय 47. गेल्या वर्षी तिला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास झपझप चालायचं. सोपं औषध, पैसा लागत नाही. ती पहाटे साडेपाचला रस्त्यावर गेली. पहिल्या दिवशी कुत्री मागं लागली. दुसऱ्या दिवशी एक मोटारसायकल दोनदा पुढं गेली, दोनदा मागं आली. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, ‘उजाडायच्या आत कुठं जाऊन येतीस गं?’ चौथ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन गेली, तर पाचव्या दिवशी नवऱ्याला झोप आली. तेवढ्यात जून उजाडला. चंदगडचा पाऊस तुम्हांला मी काय सांगू? तो एकदा बसला की दसऱ्याच्या आसपास उठतो. चार महिने चालणं बंद. भाद्रपदात साखर पुन्हा वर.

मग तिनं गटाकडं कर्ज मागितलं, घरी यंत्र घेण्यासाठी. आणि गटात भांडण लागलं. शिलाई मशीनला कर्ज देतो, शेळीला देतो, मिरची कांडपाला देतो. हे कशाला? यातून उत्पन्न काय? मला वाटतं, तुम्ही मला बोलावलंत ते त्या भांडणासाठी. यंत्राच्या माहितीसाठी दुकानदार पुरेसा होता.

तर आधी त्या भांडणाबद्दल बोलते.

पहिला आक्षेप आपल्यातल्याच बायकांचा असतो. ‘दिसभर राबतोय आम्ही, त्यात आनि व्यायाम कसला?’ मीही पुष्कळ वर्षं असंच म्हणायचे. पाणी, शेण, धुणं, भात लावणी, नाचणीची कापणी, डोक्यावर भारा. एवढं करणाऱ्या बाईला व्यायाम सांगणं म्हणजे तिची चेष्टा करणं, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. पण काम आणि व्यायाम या दोन गोष्टी शरीराला सारख्या लागू पडत नाहीत, हे आता बऱ्यापैकी पुढं आलं आहे.

या शास्त्राची सुरुवात झाली ती लंडनच्या दुमजली बसगाड्यांत. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी 1953 साली दाखवलं, की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी होतो. म्हणजे कामातली हालचाल उपयोगी पडते, असाच त्याचा अर्थ निघाला. पण त्या पाहणीत सगळे पुरुष होते. त्या कंडक्टरच्या घरी दुपारी स्वैपाक, धुणी कोण करत होतं, तिच्या हृदयाचं काय झालं, हे कुणी मोजलं नाही. पुढं 2021 साली कोपनहेगनमधल्या एक लाखाहून जास्त स्त्री-पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात दिसलं, की फुरसतीच्या वेळेत जे भरपूर हालचाल करतात त्यांना हृदयविकार कमी. आणि जे कामावर जड कष्ट करतात त्यांना मात्र जास्त. या निष्कर्षावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण कारणं ऐकलीत तर तुम्हांला ती ओळखीची वाटतील. कामाचे कष्ट तासन्‌तास चालतात, मध्ये विसावा नसतो, एकाच बाजूला वाकून चालतात, वेग आपल्या हातात नसतो, वर मुकादमाचा किंवा सासूचा डोळा असतो. व्यायाम थोडा वेळ असतो, दम लागेल एवढा असतो, आणि नंतर विश्रांती असते. भात लावताना कंबर मोडते, पण छाती धपापत नाही. काजू फोडणाऱ्या बाईचं तर आठ तास बूडही हलत नाही. हात तेलानं पोळतात, मान आखडते, दमून ती घरी येते. पण हृदयाला आणि फुप्फुसांना त्यात काहीच मिळालेलं नसतं. थकणं वेगळं आणि दम वाढणं वेगळं.

कुणी म्हातारे गृहस्थ लगेच म्हणतात, ‘पूर्वीच्या बाया जात्यावर दळत होत्या, म्हणून धडधाकट होत्या.’ ज्यानं कधी पहाटे चारला उठून पायली दळलेली नाही, त्यालाच हे सुचतं. गिरणी आली तेव्हा आपल्या आज्यांनी देवाला नारळ फोडले असतील. तेव्हा आपण जात्याकडं परत जायचं नाही. आपण मागतोय ती अर्ध्या तासाची वेळ. ज्या वेळात आपण दुसऱ्या कुणासाठी काही करत नाही.

आणि खरी मेख तिथंच आहे. सरकारनं 2024 साली लोकांच्या वेळेची देशभर पाहणी केली. घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी 289 मिनिटं बिनपगारी घरकामात घालवते. पुरुषांपैकी जे घरकामाला हात लावतात, तेवढेच धरले तरी त्यांची 88 मिनिटं होतात. म्हणजे तीन तास एकवीस मिनिटांचा फरक. 2024 सालीच लॅन्सेटच्या आरोग्यविषयक मासिकात आलेला एक अंदाज सांगतो, की भारतातल्या 57 टक्के बायकांना आणि 42 टक्के पुरुषांना पुरेसा व्यायाम घडत नाही. या दोन आकड्यांना शेजारी ठेवा. बाई आळशी आहे म्हणून ती व्यायाम करत नाही, असं कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप माझा स्वतःचाच आहे, तो लपवत नाही. बाईला रस्त्यावर भीती वाटते म्हणून तिला घरात यंत्र आणून देणं, ही हार नाही का? रस्ता त्यांचा आणि चार भिंती आपल्या? मी याच्यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, नगरपंचायतीकडं दिव्यांची मागणी करायचीच, पाच-सात जणींनी मिळून पहाटे चालायचंच. आठ महिने उघडीप असते, तेव्हा रस्ता सोडायचा नाही. पण साखर काही दिव्याचे खांब उभे राहायची वाट बघत नाही, आणि पाऊस कुणाचं ऐकत नाही. म्हणून पावसाळ्यासाठी यंत्र. हे माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकेल.

एक मात्र आधी सांगते. ज्या घरी पैशाची ओढ आहे तिथं यंत्र घेऊच नका. चांगले कापडी बूट घ्या. आपण सगळ्याजणी स्लिपरवर चालतो. मुलग्याला बूट असतात, नवऱ्याला असतात, बाईच्या पायाला बूट म्हटलं की हसतात. बूट घालून सोप्यात जागच्या जागी पाय उचलत चाललं, किंवा दारातल्या एकाच पायरीवर चढ-उतार केली, तरी दम वाढतो. यंत्र शरीराला जादू करत नाही. ते फक्त सोय करतं.

आता सोय कोणती, ते पाहू. दुकानात गेलात की दुकानदार ‘कार्डिओ’ म्हणेल. म्हणजे दम वाढवणारा व्यायाम, हृदयाचा. त्याची चार-पाच यंत्रं असतात. तो तुम्हांला सगळ्यांत आधी नेईल ट्रेडमिलकडं, कारण ते सगळ्यांत महाग.

ट्रेडमिल म्हणजे फिरता पट्टा. या पट्ट्याच्या नावाला एक इतिहास आहे. इंग्लंडच्या तुरुंगात 1818 च्या सुमारास विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनियरनं पायऱ्यांचं एक मोठं चाक बसवलं. कैद्यांनी तासन्‌तास त्यावर चढत राहायचं, चाक फिरत राहायचं, कैदी तिथल्या तिथंच. बायका कैद्यांनाही त्यावर चढवत. ती सक्तमजुरी 1898 च्या कायद्यानं तिथं संपली. पुढं 1968 साली अमेरिकेत केनेथ कूपर यांचं व्यायामावरचं पुस्तक गाजलं, ते वाचून विल्यम स्टॉब या इंजिनियरनं घरात ठेवता येईल असा पट्टा बनवला. शिक्षेचं चाक असं हप्त्यांवर घरात आलं. मी हे गंमत म्हणून सांगते. चालण्याचा पट्टा वाईट नाही. चालणं आपल्याला येतं, शिकावं लागत नाही, अंगाचं वजन पायावर पडतं म्हणून हाडांना चांगलं. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होतात, त्यामुळे ही गोष्ट लहान नाही.

पण माझा स्वतःचा अनुभव ऐका. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी गुडघ्यांच्या नावानं एक पट्टा घेतला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘तीन हॉर्सपॉवर’. मला वाटलं, आपल्या विहिरीच्या मोटरएवढी! दुसऱ्या वर्षी मोटर जळाली. तेव्हा कळलं, की तो आकडा क्षणभर जास्तीत जास्त लागणाऱ्या जोराचा होता. सतत चालताना मोटर किती जोर देते हा आकडा वेगळा असतो, आणि तो बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. नुसतं चालायचं असेल तर सतत चालण्याचा दीड ते दोन हॉर्सपॉवर पुरतो. धावायचं असेल तर त्याहून जास्त. दुकानदाराला हेच विचारा, ‘कंटिन्युअस किती?’ तो गडबडला तर समजा. कंपनीचा माणूस शहराबाहेर यायला तयार नव्हता. पुढची तीन वर्षं त्या पट्ट्यावर आमचे टॉवेल वाळत होते. म्हणून दुसरा प्रश्न हा, की बिघडलं तर चंदगडला कोण येणार? बेळगावचा माणूस येईल, कोल्हापूरचा येईल, की यंत्र आम्हीच टेम्पोत घालून आणायचं? हे बिलावर लिहून घ्या.

आता चंदगडच्या दृष्टीनं. वीज गेली की पट्टा थांबतो, आणि आपल्याकडं पावसाळ्यात वीज किती टिकते ते तुम्ही जाणता. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर तो चालवू नये. त्याला जाड पिनेचं, पंधरा अँपिअरचं सॉकेट लागतं आणि अर्थिंग चांगलं लागतं. ओल्या हवेत हा विषय चेष्टेचा नाही. जमीन सपाट लागते. शेणानं सारवलेल्या किंवा खालीवर फरशीच्या सोप्यात तो डुगडुगतो. मागं सहा फूट मोकळी जागा लागते, कारण पडलं तर बाई मागं फेकली जाते आणि मागं भिंत असेल तर मधे अडकते. पट्टा आणि भिंत यांच्यात पोरं अडकू शकतात. अमेरिकेत 2021 साली एका मोठ्या कंपनीला एक मूल दगावल्यानंतर आपलं यंत्र परत मागवावं लागलं. घरात रांगतं, खेळतं मूल असेल तर काम झालं की किल्ली काढून, प्लग उपसून ठेवायचा. ती किल्ली दोरीनं अंगावरच्या कपड्याला अडकवायची असते, म्हणजे पडताना ती ओढली जाते आणि पट्टा थांबतो. ती अडकवल्याशिवाय चढायचं नाही.

आणि साडी! एकाही जाहिरातीत मी साडीतली बाई पाहिली नाही. फिरत्या पट्ट्यावर पदर नाही, ओचा नाही, लोंबती ओढणी नाही. सलवार-कमीज घालायची तर ओढणीशिवाय. सासऱ्यांसमोर ओढणीशिवाय चालेल का? हसू नका, यंत्राचा निर्णय इथंच होतो. मी पाहिलेल्या चार घरांत यंत्र पडून राहिलं ते बिघडलं म्हणून नाही. ते सोप्यात होतं, सोप्यात पुरुष बसलेले होते.

हल्ली पातळ, घडी घालून कॉटखाली सरकवता येईल असा पट्टा निघाला आहे, त्याला वॉकिंग पॅड म्हणतात. स्वस्त असतो, जागा कमी खातो. पण त्यातल्या पुष्कळांना धरायला दांडा नसतो. ज्यांना चक्कर येते, ज्यांचा तोल जातो, त्यांनी तो घेऊ नये. बिनविजेचाही पट्टा मिळतो, आपणच पायानं ढकलायचा. ऐकायला आपल्यासाठीच केल्यासारखा वाटतो. पण स्वस्तातले फार जड चालतात आणि ढकलताना गुडघे व पोटऱ्या भरून येतात. चालवून बघितल्याशिवाय त्याच्या नादी लागू नका.

दुसरं यंत्र म्हणजे जागच्या जागी फिरणारी सायकल. माझा कौल सायकलला आहे, आधीच सांगून टाकते. वीज लागत नाही. समोरचा छोटा पडदा सेलवर चालतो आणि तो बंद पडला तरी पाय फिरतात. वजन सीटवर असतं म्हणून दुखऱ्या गुडघ्यांना पट्ट्यापेक्षा सोसवतं. जागा एका कॉटच्या निम्मी. पट्ट्याला साधारण वीस हजारांच्या पुढं मोजावे लागतात, तिथं साधी बरी सायकल दहा-पंधरा हजारांच्या आसपास येते. दोष असा की हाडांवर वजन पडत नाही, म्हणून उघडीप झाली की चालायचंच.

सायकल निवडताना तिच्या चाकाला रोध कशाचा आहे ते विचारा. एका प्रकारात फेल्टचा तुकडा चाकाला घासतो. तो आवाज करतो, झिजतो, बदलावा लागतो. दुसऱ्यात लोहचुंबक असतं, चाकाला न शिवता रोध देतं, आवाज नाही. पहाटे घर झोपलेलं असताना जिला तेवढीच वेळ सापडते, तिच्यासाठी आवाज नसणं ही चैन नव्हे. आतलं चाक जड असेल तर पाय गुळगुळीत फिरतात. चार किलोच्या खाली असेल तर झटके बसतात. यंत्र किती वजनाच्या माणसाला पेलतं ते लिहिलेलं असतं. आपल्या वजनावर वीस-एक किलो सूट धरूनच घ्या.

पण सगळ्यांत महत्त्वाचं माप दुकानदार सांगत नाही. ही यंत्रं बहुतेक पावणेसहा फुटी पुरुष डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. आपल्यातल्या बहुतेकजणी पाच फुटांच्या आगेमागे. तेव्हा दुकानात सीट अगदी खाली आणायला सांगा आणि बसा. पाय पेडलवर, पेडल सगळ्यांत खाली. गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल, किंवा टाच पोचवायला कंबर डावी-उजवी सरकत असेल, तर ती सायकल तुमची नाही. मग ती कितीही स्वस्त असो. मधला दांडा खाली असलेली घ्या, म्हणजे पाय उचलून टाकावा लागत नाही. आणि पेडलवर पट्टी आहे का बघा, नाहीतर पाय निसटतो आणि पेडल नडगीवर बसतं. ज्यांची पाठ धरते त्यांच्यासाठी पाठीला टेकू असलेली, पाय पुढं टाकायची सायकल असते. ती जास्त जागा आणि पैसे खाते, पण साठीच्या पुढच्या बाईला आणि जड अंगाच्या बाईला ती फार बरी पडते.

बाकी यंत्रांबद्दल थोडक्यात. हात आणि पाय दोन्ही हलवायचं, पाय न उचलता चालल्यासारखं करायचं एक यंत्र असतं, क्रॉस ट्रेनर. चांगलं असतं, पण चांगलं म्हणजे महागच. स्वस्तातलं डुगडुगतं, आणि त्याची ढांग आपल्या उंचीला लांब पडते किंवा तोकडी. वल्हवण्याचं यंत्र सगळं अंग हलवतं, पण वाकलेल्या पाठीनं ओढलं तर कंबर जाईल. शिकवणारं कुणी असल्याशिवाय नको. कंबरेला बांधायचे थरथरणारे पट्टे, घाम काढणारे पट्टे, स्प्रिंगा, हे टीव्हीवर आले तेव्हापासून बायकांना गंडा घालताहेत. त्यात दम वाढत नाही, वजन घटतं ते पाण्याचं, आणि पाणी प्यायलं की परत येतं. त्यावर वेळ घालवत नाही.

आता जे दुकानात बोलता येत नाही ते. आपल्यातल्या कितीतरी जणींना खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब जातात. कितीतरी जणींचं अंग बाहेर येतं आणि त्या कुणाला सांगत नाहीत. बाळंतपणानंतर आठव्या दिवशी घागर उचललेली असते, त्याचं हे फळ. अशा बाईनं दोरीवरच्या उड्या, पट्ट्यावर धावणं, उड्या मारायचं जाळं, यांतलं काही करू नये. त्यानं त्रास वाढतो. चालणं चालेल, सायकल बहुधा चालेल. पण आधी डॉक्टरीणबाईंना दाखवा, लाज सोडून. ‘वजन वाढलंय म्हणून होतं’ असं म्हणून त्या वाटेला लावत असतील तर तपासायला सांगा.

दुसरं, रक्त. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. हिमोग्लोबिन आठ असलेली बाई पाच मिनिटांत धापा टाकते आणि समजते, आपल्याला व्यायाम झेपत नाही. आधी रक्त तपासा. साखरेच्या गोळ्या, इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी यंत्रावर बसू नये, साखर एकदम खाली येऊ शकते. खिशात गूळ-शेंगदाणे ठेवा. आणि बायकांचा हृदयविकार दर वेळी छातीत कळ घेऊन येत नाही. जबडा, पाठ, दंड दुखणं, मळमळ, एरवी न येणारा थकवा, हेही असतं. यंत्रावर असं काही झालं तर उतरा आणि तडक दवाखाना गाठा. चूल कुणीतरी बघेल.

यंत्राच्या पडद्यावर नाडीचे ठोके दिसतात, त्याबद्दल एक सांगायलाच हवं. किती ठोक्यांपर्यंत जायचं याचं गणित बहुतेक ठिकाणी 220 वजा वय असं धरतात. 1970 च्या सुमारास रूढ झालेलं हे गणित मुख्यतः पुरुषांच्या पाहण्यांवरून आलं. शिकागोमध्ये पाच हजारांहून जास्त बायकांना पट्ट्यावर चालवून डॉ. मार्था गुलाटी यांनी 2010 साली बायकांचं वेगळं गणित मांडलं: 206 मधून वयाचे 88 टक्के वजा करायचे. पन्नाशीच्या बाईला पुरुषी गणित 170 सांगतं, बायकांचं 162. आठ ठोक्यांचा फरक तो काय, असं वाटेल. पण ती आकडा गाठायला धडपडते, गाठता येत नाही, आणि दोष स्वतःला देते. ही सवय आपल्याला आहेच. शिवाय दांड्यावरचे ठोके मोजणारे पत्रे राठ, भेगाळलेल्या तळहातांना नीट ओळखत नाहीत, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके वाढतच नाहीत. म्हणून पडदा झाका. साधी खूण अशी: बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. ओवी म्हणता येत असेल तर जोर कमी पडतोय. शेजारणीच्या प्रश्नाला उत्तर देता येत नसेल तर जास्त होतोय.

वेळेचा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली नव्यानं मांडला. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं, अशा बोलता येईल पण गाता येणार नाही अशा जोरानं. पूर्वी सांगत, एका वेळी निदान दहा मिनिटं तरी सलग हवीत. ती अट त्यांनी काढून टाकली. आपल्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. बाईची वेळ सलग नसतेच, ती तुकड्यांत सापडते. भात शिजेपर्यंत आठ मिनिटं, दूधवाला येईपर्यंत सहा. ती धरली जातात. पण ‘मिनिटं धरली जातात’ म्हणून तुमची अर्ध्या तासाची मागणी सोडू नका. नवऱ्याला सांगा, माझ्या अर्ध्या तासात चहा तू करायचा. या बाबतीत अर्ज-विनंत्या करून काही मिळाल्याचं मला तरी आठवत नाही.

आता गटाच्या कर्जाचं. मी म्हणते, द्या. शेळी दूध देते, पण शेळीमागं फिरणारी बाई आजारी पडली तर हप्ता कोण भरणार? ज्यांच्या घरी जागा नाही त्यांनी दोघी-तिघींत मिळून एक सायकल घ्या आणि जिच्या घरात पुरुषांचा वावर कमी, तिच्या माजघरात ठेवा. कुणाची वेळ कोणती ते कागदावर लिहून भिंतीला लावा. बिल आणि वॉरंटीचं कार्ड बाईच्या नावावर हवं. मागच्या आठवड्यात आपली ही मैत्रीण नवऱ्याबरोबर बेळगावात चौकशीला गेली, तर दुकानदारानं विचारलं, ‘साहेबांचं वजन किती?’ सायकल भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, खाली लाकडी फळी घाला, पावसाळ्यात कापडानं झाका आणि महिन्यातून एकदा नट आवळा, तेलाचा बोटभर हात फिरवा. आपल्या ओलीत लोखंड दोन पावसाळ्यांत खातं. पाने-स्क्रू तुम्हीच शिका, पोराला हाक मारू नका.

सोमवारी पाचजणी बेळगावला जाणार आहेत असं कळलं. इंचटेप घ्या, आणि रोजची साडी नेसून जा. तिथं सायकलवर साडी खोचून बसा, दहा मिनिटं खरोखर पाय फिरवा, दुकानदार काय म्हणेल त्याची फिकीर करू नका. पहिल्या दुकानात घेऊ नका.

मला सांगायचं होतं ते सांगून झालं. मघापासून मागच्या रांगेतल्या अक्का हात वर करतायत. गुडघ्याचंच असणार. बोला अक्का, तुमच्यापासून सुरू करू.